सांडपाण्याचा तुटवडा

नाशिकमध्ये सध्या सांडपाण्याचा तुटवडा आहे. हसण्यावारी नेऊ नका, हिशेब सोबत जोडला आहे.

केंद्र सरकारच्या एका संस्थेची मलनिस्सारणावर जाडजूड नियमपुस्तिका आहे, २०१३ सालची. संस्थेचं नाव सीपीएचईईओ. ते एका दमात म्हणता येत नाही म्हणून ड्रेनेजवाले पुस्तिकेला नुसतं ‘मॅन्युअल’ म्हणतात. या मॅन्युअलप्रमाणे शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं आणि त्यातलं ८० टक्के तो सांडपाणी म्हणून इमानेइतबारे परत करील, असं धरून चालावं. म्हणजे माणशी १०८ लिटर. उरलेले २७ लिटर घाम, तुळस आणि पाहुण्यांचा चहा यांत मुरतात.

आता नाशिकची लोकसंख्या २२ लाख धरा. ‘धरा’ म्हणतोय, कारण ती मोजलेली नाही; त्या भानगडीकडे नंतर येऊ. २२ लाखांना १०८ ने गुणलं की दिवसाला साधारण २३८ दशलक्ष लिटर होतात. आणि महापालिकेची मलनिस्सारण केंद्रं केवढ्या क्षमतेची? तपोवन १३०, आगरटाकळी ११०, पंचक साडेसाठ, चेहेडी ४२, पिंपळगाव खांब ३२, गंगापूर १८. कागदावरची बेरीज ३९२.५ दशलक्ष लिटर. म्हणजे दीडशे दशलक्ष लिटरच्या टाक्या रोज सकाळी आ वासून वाट बघतायत आणि नाशिककर पुरेसं सांडपाणी पाठवत नाहीत. कमी पडतंय तेवढं मुंबईहून टँकरने मागवावं की काय, हा विषय एखाद्या महासभेत यायलाच हवा होता. आला नाही, कारण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कैक वर्षं महासभा म्हणजे प्रशासक, स्थायी समिती म्हणजेही प्रशासक आणि ‘विरोध नोंदवून घ्या’ म्हणायला समोर कुणीच नाही, अशी शांतता होती.

एवढी ऐसपैस जागा असूनही तपोवनात गोदावरीवर पांढराशुभ्र फेस येतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते तपोवनात, असं आपण पर्यटकांना सांगतो. शहरातलं सर्वांत मोठं मलनिस्सारण केंद्र नेमकं तिथेच उभारलं गेलं, यात नगररचना विभागाचा पुराणाभ्यास दिसतो. त्या परिसरात नाक नसलेलाच बरा.

फेसाच्या पुढे पाणवेल. तिला वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात, आणि ते आपण तिला बिनबोभाट पुरवतो. ती काढायला यंत्रं आणतो, यंत्रांचे फोटो काढतो, आणि पाणवेल फुगून निफाड तालुक्यात चांदोरी-सायखेड्याच्या पुलाला जाऊन अडकते. त्याच्याही खाली नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. हजारो मैलांवरून येणारे पक्षी तिथे उतरतात आणि नाशिककरांच्या १०८ लिटरांतला आपापला वाटा घेतात. अतिथी देवो भव.

आता दुसरा हिशेब. हा धरणाच्या बाजूने करायचा. गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून महापालिका दिवसाला पाचशे दशलक्ष लिटरच्या वर पाणी उचलते. मॅन्युअलवर श्रद्धा ठेवून त्याचे ८० टक्के काढले, तर सांडपाणी चारशेच्या पुढे जातं. म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण ताकदीने चालवूनही अपुरी! एका हिशेबाने शहरात सांडपाणी कमी, दुसऱ्याने जास्त. दोन्ही हिशेब बरोबर, दोन्ही एकाच पुस्तकातले, आणि ज्या बैठकीत जो लागेल तो पुढे करता येतो. दोहोंच्या मधलं पाणी कुठे गेलं, एवढंच विचारायचं नाही. विचारलंत तर उचललेल्या पाण्याला २२ लाखांनी भागावं लागेल, माणशी सव्वादोनशे लिटर निघतील, आणि मग एकतर प्रत्येक नाशिककर दोनदा आंघोळ करतो असं तरी मानावं लागेल, नाहीतर जलवाहिन्यांची गळती तरी मोजावी लागेल. पहिलं मानणं स्वस्त पडतं.

आमच्या ओळखीत एक निवृत्त अभियंते आहेत. त्यांची हयात पाणीपुरवठा आणि ड्रेनेजमध्ये गेली. (कोणत्या शहरात ते सांगत नाही, त्यांची पेन्शन सुरू आहे.) सगळे त्यांना साहेब म्हणतात. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर मी त्यांना या तुटवड्याबद्दल छेडलं. मटकीवर काळा रस्सा ओतत असताना हा विषय काढू नये, हे मला कळतं. पण साहेबांना जेवताना याच विषयात रुची येते.

“अहो, आजचं काय घेऊन बसलात?” ते म्हणाले. “ड्रेनेज आजसाठी बांधत नाहीत. पुढच्या ३० वर्षांसाठी बांधतात.”

“मग पुढची ३० वर्षं कळतात कशी?”

साहेबांनी पापड बाजूला सारला, पेपर नॅपकिन ओढला आणि खिशातलं पेन काढलं. जनगणनेचे आकडे त्यांना तोंडपाठ. १९९१ ला ६.५७ लाख. २००१ ला १०.७७ लाख. २०११ ला १४.८६ लाख. “आता बघा. दर दहा वर्षांनी साधारण चार-सव्वाचार लाख माणसं वाढली. तेवढीच वाढत राहतील असं धरलं तर २०४१ ला किती? २७ लाख. ही झाली अंकगणिती पद्धत. गरीब पद्धत.” मग खाली रेघ ओढून, “आता टक्केवारीने जा. पहिल्या दशकात ६४ टक्के वाढ, दुसऱ्यात ३८. दोन्ही दशकांचा मिळून चक्रवाढ वेग काढून तोच पुढे लावला तर २०४१ ला साडेपन्नास लाख. ही भूमितीय पद्धत. श्रीमंत.”

“एकाच शहराची?”

“एकाच शहराची, तेच तीन आकडे वापरून. सत्तावीस लाखांचं सांडपाणी २९२ दशलक्ष लिटर, साडेपन्नास लाखांचं ५४५. मधला फरक अडीचशे. म्हणजे जवळजवळ दोन तपोवन.”

“यातलं खरं कोणतं धरायचं?”

“डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, कुणाकडे आहे त्यावर. सल्लागाराची फी प्रकल्पाच्या किमतीवर टक्क्याने असेल, तर तो भूमितीला जास्त मानतो. नगरविकासाकडून निधी कमी येणार असेल, तर साहेब लोक अंकगणिताकडे वळतात.” एवढं बोलून त्यांनी नॅपकिनला बोटं पुसली. २०४१ सालचं नाशिक रश्शात बुडालं.

वास्तविक हे दोन्ही आकडे तपासून बघायची सोय होती. २०२१ ला जनगणना व्हायची होती. ती झाली नाही. आधी करोनामुळे, मग करोना गेल्यामुळे. आता ती २०२७ ला आहे. त्याच वर्षी सिंहस्थ कुंभमेळाही आहे, त्यामुळे मोजणीदाराला दार उघडणारा नाशिककर आहे की प्रयागहून आलेला पाहुणा, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागेल. तोवर २०११ च्या आकड्यावर २०५६ ची गटारं आखायची. २०११ ला शाळेत असलेली मुलं आज ईएमआय भरतायत. पण कागदावर शहर अजून तेवढंच आहे आणि त्याच्या वाढीचा वेग २००१ चा आहे.

मग सरळ मोठा आकडा धरून मोकळं का होऊ नये? मलाही तसंच वाटायचं. साहेबांनी दुसरा नॅपकिन घेतला. सांडपाण्याची वाहिनी स्वतःची स्वतः साफ राहायची, तर पाणी तिच्यातून सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगाने गेलं पाहिजे. साडेपन्नास लाखांसाठी टाकलेल्या नळातून वीस-बावीस लाखांचं पाणी गेलं, तर ते तळाशी रेंगाळतं, गाळ बसतो, वायू धरतो, आणि आतून सिमेंट खाल्लं जातं. तीस वर्षांनी माणसं येईपर्यंत वाहिनी गेलेली असते. केंद्राचंही तसंच. तिथे काम यंत्रं करत नाहीत, जिवाणू करतात. यंत्रं त्यांना हवा पुरवतात. फार मोठी टाकी बांधून त्यात थोडं सांडपाणी सोडलं तर जिवाणू उपाशी मरतात. सरकारी बांधकामात उपासमारीने मरणारे हे एकमेव घटक असावेत.

म्हणून शहाणी शहरं टप्प्याटप्प्याने बांधतात. जागा पुढच्या ३० वर्षांची घ्यायची, टाकी आजची बांधायची, शेजारी मोकळी जमीन राखून ठेवायची. आपल्याकडे याचा शेवटचा भागच अवघड. मोकळी जमीन राखून ठेवणं ही कला नाशिकमध्ये फक्त बिल्डरांना साधली आहे. पिंपळगाव खांबचं ३२ दशलक्ष लिटरचं केंद्र भूसंपादनात किती वर्षं घुटमळलं, ते त्या गावाला विचारा. आपलं सांडपाणी दुसऱ्याच्या शेताशेजारी जावं, याबद्दल शहरात एकमत असतं. त्या दुसऱ्याचं मत वेगळं पडतं.

बरं, भविष्य काही जनगणनेची वाट बघत थांबलेलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. प्रीमियम भरा, टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकामहक्क) चढवा, मजले वाढवा. गंगापूर रोड, गोविंदनगर, पाथर्डी फाटा इथे एकेक बंगला खाली बसला आणि त्या जागी मनोरा वर गेला. मजल्यांचा एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, असतो, पार्किंगचा नियम असतो, जिन्याची रुंदी ठरलेली असते. रस्त्याखालच्या ड्रेनेजच्या नळाला मात्र टीडीआर मिळत नाही. तो आजोबांच्या काळी जेवढा होता तेवढाच.

आमच्याच गल्लीत कोपऱ्यावर एक बंगला होता. पुढे चाफा, मागे पेरू, मध्ये चार-पाच माणसं. तिथे आता उंच इमारत आहे आणि तिला नावही इटालियन आहे. एका सकाळी त्या इमारतीसमोरच्या चेंबरचं झाकण हळूच उचललं गेलं. आतल्या पाण्यानेच उचललं. जेटिंगची गाडी आली. दोघांनी पहार घालून झाकण सरकवलं, काळा रबरी पाइप आत सोडला आणि यंत्र सुरू झालं. बाहेर काय काय आलं! ओल्या वाइप्सचे दोरखंड, नारळाच्या शेंड्या, शिळा भात, सॅनिटरी पॅड, एक स्टीलचा चमचा आणि, का कोण जाणे, लग्नातल्या आहेराची पाकिटं. सगळी इमारत गॅलरीत उभी राहून हे बघत होती, आणि प्रत्येक मजल्याची नजर वरच्या मजल्याकडे होती. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, “बंगला होता तेव्हा नाही बाई असं काही यायचं.” साहजिकच आहे. पाच माणसांना आहेर तरी कितीसा येणार?

ड्रेनेजचा नळ चार दिवस मोकळा राहिला. पाचव्या दिवसापासून पाण्याने दुसरी वाट धरली. पावसाळी गटाराची.

ही पावसाळी गटार योजना म्हणजे नाशिकच्या इतिहासातलं एक स्वतंत्र पर्व आहे. केंद्र सरकारच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या पैशांतून ती झाली, तिच्यावरून महासभा गाजल्या, चौकशीच्या मागण्या झाल्या. तिच्या सिद्धान्तात मात्र खोट नाही: पावसाचं पाणी स्वच्छ असतं, म्हणून त्यावर प्रक्रिया न करता ते थेट नदीत सोडायचं. शहराने याचा अर्थ नीट लावून घेतला. जे पाणी प्रक्रियेशिवाय नदीत जायला हवं असेल, ते पावसाळी गटारात सोडा! तेव्हापासून नाशिकच्या काही भागांत वैशाखातही पावसाळी गटारं वाहतात. पर्जन्यमापकाला काहीच दिसत नाही. चिखली नाला, मल्हारखाण नाला, सरस्वती नाला, सगळे उन्हाळ्यात भरून गोदावरीला भेटायला निघालेले. उलट खऱ्या पहिल्या पावसात गोदाघाटावरच्या चेंबरमधून कारंजी उडतात, कारण तेव्हा पावसाचं पाणी सांडपाण्याच्या नळात शिरलेलं असतं. दोघांनी एकमेकांची घरं अदलाबदल करून घेतली आहेत. केंद्रात जायला उरतं ते थोडंसं.

सांडपाण्याच्या तुटवड्याचं मूळ हे आहे. केंद्र कमी पडत नाही, सांडपाणीही कमी पडत नाही. दोघांची गाठच पडत नाही.

न्यायालयाने यात लक्ष घालायचं बाकी ठेवलेलं नाही. २०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला सल्ल्यासाठी बोलावलं गेलं. नदीसाठी भांडणाऱ्यांनी आपल्या संघटनेचं नावच ‘गोदावरी गटारीकरण विरोधी मंच’ ठेवलं होतं, त्यामुळे कोर्टाला विषय समजावून सांगायला वेळ लागला नसावा. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे निकष कडक केले. आपली जुनी केंद्रं बीओडी ३० च्या आत आणायच्या बोलीवर बांधलेली. आता तो १० हवा. बीओडी म्हणजे पाण्यात उरलेली घाण पचवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. पस्तीस गुणांना पास होणाऱ्या मुलाला निकालाच्या दिवशी पंच्याहत्तरची अट सांगावी, तसं तपोवन आणि आगरटाकळीचं झालं. एकही नट न निखळता केंद्रं एका आदेशाने जुनी झाली. भविष्याचं नियोजन करताना माणसं किती वाढतील एवढंच धरतात. नदी केव्हा स्वच्छ मागितली जाईल, हे धरायला कुठलीच पद्धत नाही.

आता मात्र सगळं वेगाने होणार आहे. जुनी केंद्रं सुधारायची, नवी बांधायची, खासगी भागीदार आणायचा. नदीच्या तब्येतीत काही फरक पडला म्हणून नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण ठरलंय आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. मॅन्युअल म्हणतं नियोजन ३० वर्षांचं करा. नाशिकने ते आपल्यापुरतं दुरुस्त करून १२ वर्षांवर आणलं आहे. २००३, २०१५, २०२७. आमचे रस्ते, पूल, घाट, पथदिवे आणि गटारं, सगळ्यांची जन्मपत्रिका गुरूच्या सिंह राशीतल्या प्रवेशावर मांडलेली. गुरू सिंहेत आला की निधी येतो, निविदा निघते, रात्रपाळीत खोदकाम चालतं. गुरू कन्येत गेला की ठेकेदारही आपापल्या घरी जातो. मग पुढची अकरा वर्षं वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर टिपणी फिरते.

साधूंबद्दल माझी तक्रार नाही. ते बारा वर्षांनी एकदा येतात. नाशिककर रोज सकाळी जातो.

आणि इथेच मला मार्ग सापडला. सिंहस्थाचं नियोजन आखाड्यांसाठी होतं. पेशवाईत शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तपात झाला, तेव्हा शैवांनी त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णवांनी नाशिकला स्नान करावं अशी वाटणी झाली. म्हणून नाशिकच्या वाट्याला तीन आखाडे आले: निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर. तर नाशिककरांनी आपला चौथा आखाडा नोंदवावा. निकषांत आम्ही कुठेच कमी नाही. संयम आहे, वर्षानुवर्षांची सहनशीलता आहे, आणि घरपट्टी भरून झाल्यावर अपरिग्रह आपोआपच येतो.

साहेबांनाच महंत करायचं ठरलं. अर्ज लिहून आम्ही एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मुलाने चष्मा वर करून अर्ज वाचला.

“काका, सदस्यसंख्या लिहिली नाही.”

“अंकगणिताने सत्तावीस लाख, भूमितीने साडेपन्नास,” साहेब म्हणाले. “तुम्हाला परवडेल ती टाका.”

“साधुग्राममध्ये जागा किती लागेल?”

“जागा नको. राहायला आहोतच.”

“बरं. अमृतस्नानाची तारीख?”

“रोज. सकाळी सहा ते नऊ. त्या तीन तासांत सरासरीच्या दुप्पट लोंढा येतो, मॅन्युअलमध्ये आहे.”

मुलाने ते सगळं निमूट लिहून घेतलं आणि शेवटच्या रकान्यावर पेन ठेवलं.

“मिरवणुकीचा मार्ग?”

“भुयारी,” साहेब म्हणाले. “पण मध्ये कुठे पावसाळी गटारात वळवू नका म्हणावं.”